कोरोनात ऑनलाइन बीडीएस केलेल्या डॉक्टरकडून अक्कलदाढ काढून घ्यावी का?

प्रश्न वाचून आधी राग आला, मग हसूच आलं, कारण 2021 मध्ये आम्ही पोरापोरींनी हाच प्रश्न आमच्या डीनना लेखी विचारला होता. सर, आम्ही पास होऊ हो, पण आमच्याकडून दाढ कोण काढून घेणार?

मी त्याच बॅचची. 2017 ची ॲडमिशन, मार्च 2020 ला थर्ड इयर. बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची चार वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप, त्यातली पहिली दोन वर्षं मेणाचे दात कोरण्यात आणि टायपोडॉन्टवर, म्हणजे नकली दातांच्या जबड्यावर, हात बसवण्यात जातात, खरा पेशंट खुर्चीत येतो तो थर्ड इयरला. थिअरीला मेडिसिन, सर्जरी, ओरल पॅथॉलॉजी आणि बाजूने क्लिनिकचा कोटा, म्हणजे इतके दात काढायचे, इतकी स्केलिंग, इतकी फिलिंग, प्रत्येकावर मॅडमची सही. माझ्या हातून पेशंटचे 11 दात काढून झाले होते आणि जनता कर्फ्यू लागला. चार दिवसांचे कपडे घेऊन घरी गेले, ॲप्रन हॉस्टेलच्या खुंटीला तसाच, आणि मग कित्येक महिने तो तिथेच.

इतर कोर्सेसचंही नुकसान झालं, नाही कोण म्हणतंय, पण आमचं कामच असं की पेशंटने मास्क काढल्याशिवाय सुरूच होत नाही. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, वर पाण्याचा फवारा, म्हणजे तोंडातलं सगळं हवेत. मे 2020 ला केंद्राच्या गाइडलाइन्स आल्या, रेड झोनमध्ये फक्त इमर्जन्सी बघा, बाकी थांबवा. झालं, ओपीडी ओस पडली. इकडे झूमवर सर खालच्या दाढेचा ब्लॉक शिकवतायत, आता तो ब्लॉक म्हणजे दाढ बधिर करायचं इंजेक्शन, त्यात सुई आत जाऊन हाडाला कुठे टेकली हे बोटांना कळायला लागतं, ते स्क्रीनवर काय कळणार, त्यात आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. मी केळ्याच्या सालीला टाके घालायचे, साबणावर दाढा कोरायचे. आई म्हणायची, साबणाने दात घासतेस की काय.

मी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, होते म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. सुरुवातीला सगळ्यांची एकच ओरड, परीक्षा पुढे ढकला, नाहीतर रद्दच करा. पहिल्या पत्रावर माझीही सही आहे, आणि आज सांगते, ती मागणी चुकीची होती, म्हणजे भीती खरी होती पण मागणी आळशी होती. नंतर आम्ही वर्गात एक गूगल फॉर्म फिरवला, कोणी किती दात काढले, किती ब्लॉक दिले, नाव टाकायचं नाही, खरं लिहायचं. आकडे बघून ग्रुपवर दोन तास कोणी काही बोललंच नाही. एकाने अख्ख्या वर्षात एकही ब्लॉक दिलेला नव्हता. मग दुसरं पत्र लिहिलं, कोटा कमी करू नका, उलट रविवारी क्लिनिक उघडा, एन-95 आणि फेस शील्ड कॉलेजने द्या कारण फी पूर्ण घेतलीय, आणि गावातून पेशंट आणणारी बस चालू करा. एका सरांनी विचारलं, डॉक्टर व्हायचंय की नेता? फी मधला एक रुपया सुटला नाही, मेसचे पैसेही नाहीत. पण रविवारचं क्लिनिक मिळालं, आणि काही दिवसांनी बससुद्धा.

तेवढ्यात दुसरी लाट आणि म्युकर, म्हणजे काळी बुरशी. आमचं कोर्सबुक सांगायचं हा आजार दुर्मीळ, आणि इथे कोविडमधून उठलेले, शुगर वाढलेले, स्टेरॉइड घेतलेले पेशंट एकापाठोपाठ, वरचा जबडा हलतोय म्हणत. जबडा काढावा लागलेल्या माणसाला टाळूचं भोक बुजवायला ऑब्च्युरेटर बसवतात, तो लावल्यावर एक काका पाणी प्यायले आणि ते नाकातून आलं नाही. बस एवढंच, पण त्या दिवशी वाटलं की आपल्याला 'नॉन इमर्जन्सी' म्हणणाऱ्यांना इथे आणून उभं करावं.

शिकवायला माणसंही कमी होती. नीट एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरच्या पीजीची प्रवेश परीक्षा, 16 डिसेंबर 2020 ला झाली आणि काउन्सेलिंगचा पत्ताच नाही. आमचे सीनियर सुप्रीम कोर्टात गेले, तिथे सरकारला जाब विचारला गेला तेव्हा कुठे ऑगस्ट 2021 ला प्रक्रिया हलली. आता तुम्हाला वाटेल याचा माझ्याशी काय संबंध, तर खुर्चीपाशी आमचा हात धरून शिकवतात ते बहुतेक पीजी करणारे सीनियरच, आणि नवी पीजी बॅच आलीच नव्हती. वर नोव्हेंबर 2021 ला एसटीचा संप. पेशंट सगळे एसटीने येणारे, कॉलेज गावाबाहेर, एक बस किती गावं फिरणार.

तरी फायनलपर्यंत कोटा झाला आणि खरा हात बसला तो इंटर्नशिपमध्ये. उलट माझ्या मते जास्त फटका आमच्या आधीच्यांना, ज्यांची इंटर्नशिपच 2020 मध्ये स्वॅब घेण्यात गेली. पण तेही आता काही वर्षं प्रॅक्टिस करतायत.

म्हणून सर्टिफिकेटवरचं साल बघू नका. सरळ विचारा, अशा दाढा तुम्ही स्वतः किती काढल्यात, आणि अडकलं तर कोणाला बोलावता. मला कोणी विचारलं तर मी आकडा सांगते, आणि आडवी दाढ असेल तर ओरल सर्जनना बोलावते, त्यात कमीपणा नाही.

आणि दाढ वरची की खालची ते तुम्ही लिहिलंच नाही. वरची सरळ आलेली असेल तर बहुतेक वेळा पटकन निघते. खालची असेल तर आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढा, मुळं नसेच्या किती जवळ आहेत ते दिसेल, तो फोटो घेऊनच डॉक्टरकडे जा.