योग आणि स्वास्थ्य या विषयाची विद्यापीठीय पदवी : प्रमाणपत्रापेक्षा वेगळे काय मिळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : काही वर्षांची नियमित साधना आहे, 200 तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही आहे, मग योग आणि स्वास्थ्य या विषयात विद्यापीठाची पूर्णवेळ पदवी घेण्यात वेळ घालवावा का? हा विषय शिकून पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करण्याचे काम मी केले आहे, त्या आधारावर सविस्तर लिहीत आहे.

आसने अधिक चांगली यावीत एवढाच हेतू असेल, तर पदवीची गरज नाही. ते काम चांगला गुरू आणि रोजचा सराव करतो. पदवीतून मिळवण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे योगाविषयी केलेले कोणतेही विधान 'हे कशावरून?' असे विचारून तपासता येणे. हे विधान ग्रंथाविषयी असेल, शरीराविषयी असेल किंवा परिणामाविषयी. तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या रीतीने होते आणि चांगला अभ्यासक्रम या तिन्ही रीती शिकवतो.

ग्रंथांपासून सुरुवात करू. पतंजलींच्या योगसूत्रांत पाठभेदानुसार 195 किंवा 196 सूत्रे आहेत आणि त्यांपैकी आसनाचा प्रत्यक्ष विचार केवळ तीन सूत्रांत (2.46 ते 2.48) आला आहे. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत पंधरा आसने वर्णिली आहेत, तर नंतरच्या घेरंडसंहितेत बत्तीस. आज वर्गांमध्ये शिकवल्या जाणाऱ्या उभ्या आसनांच्या वाहत्या मालिका बहुतांशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आल्या. अनेक विद्यार्थी हे प्रथम ऐकतात तेव्हा दुखावतात. मला मात्र हा इतिहास योगाच्या जिवंतपणाचा पुरावा वाटतो, आणि जो शिक्षक तो जाणतो तो 'पाच हजार वर्षांपूर्वी असेच करत असत' असे बेधडक सांगत नाही.

'योग' आणि 'स्वास्थ्य' ही जोडी अभ्यासक्रमांच्या नावात सहज दिसते, परंतु दोहोंची उद्दिष्टे एक नाहीत, आणि माझ्या मते या पदवीचा सर्वांत समृद्ध भाग नेमका इथेच आहे. योगसूत्रांचे ध्येय कैवल्य आहे, म्हणजे पुरुषाने (शुद्ध चैतन्याने) प्रकृतीपासून (मन-शरीरासह साऱ्या जडसृष्टीपासून) पूर्णपणे वेगळे होणे. ही पुरुष-प्रकृतीची मांडणी सांख्यदर्शनाची आहे, त्यामुळे ते शिकल्याशिवाय हा ग्रंथ नीट उलगडत नाही. उलट स्वास्थ्याचे आधुनिक मानसशास्त्र याच जगात माणूस कसा नीट जगतो, हे मोजू पाहते. कॅरोल रिफ यांनी 1989 मध्ये मांडलेल्या प्रारूपात आत्मस्वीकार, इतरांशी चांगले संबंध, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जीवनातील प्रयोजन आणि व्यक्तिगत विकास असे सहा घटक आहेत. यात वैराग्य कुठे बसवायचे? एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 1985 ची जीवनसमाधान-मापनी पाच विधानांची आहे आणि ती मुख्यतः आपले आयुष्य आपल्या अपेक्षेला किती उतरले, याचा अंदाज घेते. योगसूत्रांतील संतोष हा नियम त्याच्या अगदी जवळचा भासतो. पण व्यासभाष्य ही योगसूत्रांवरील प्राचीन टीका संतोषाचा अर्थ, हाताशी असलेल्या साधनांहून अधिक मिळवण्याची इच्छा नसणे, असा लावते. पहिल्यात अपेक्षापूर्ती आहे, दुसऱ्यात अपेक्षेचेच शमन आहे. मापनीवरील गुण वाढले म्हणून संतोष वाढला असे म्हणता येईल का, या एका प्रश्नावर उत्तम प्रबंध लिहिता येईल.

शरीराच्या बाजूने पाहता, योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची परंपरा नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली (पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया) करताना मोठ्या आतड्यात ऋण दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, निर्माण होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्याला माधवदासांचे नाव दिले. श्रद्धा आणि मापन एकाच माणसात कशी नांदू शकतात, याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. आजच्या विद्यार्थ्याने शरीरशास्त्र याच गांभीर्याने शिकावे, कारण त्याच्यासमोर बसणारे सगळेच निरोगी नसतात. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्या व्यक्तीला ते देऊ नये; हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला पाठ गोल करून जोराने पुढे वाकवल्यास मणक्याला इजा होण्याचा धोका असतो. आणि ही पदवी मिळाली म्हणजे रोगनिदान करण्याचा अधिकार मिळाला, असे मुळीच नाही.

राहिला परिणामांचा प्रश्न, आणि विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात ते इथे. नेहमीचा प्रकल्प असा असतो : काही आठवडे वर्ग घ्यायचा, आधी आणि नंतर ताणाची प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण सुधारले की योगाचा लाभ सिद्ध झाला असे लिहायचे. परंतु लोक बहुधा ताण शिगेला पोहोचलेला असताना वर्गाला येतात, आणि शिगेला पोहोचलेला ताण पुष्कळदा आपोआपही उतरतो. ज्यांना लाभ झाला नाही ते मध्येच वर्ग सोडून जातात व शेवटच्या मोजणीत दिसतच नाहीत. शिवाय आपण योग करत आहोत हे करणाऱ्याला माहीत असतेच. औषधाच्या चाचणीप्रमाणे ते लपवता येत नाही. म्हणून तुलनेसाठी काहीच न करणारा गट घेण्यापेक्षा तेवढाच वेळ, तेवढ्याच आपुलकीने चालण्याचा किंवा स्नायू ताणण्याच्या व्यायामांचा वर्ग दिलेला गट घेणे अधिक प्रामाणिक ठरते. संख्याशास्त्र कंटाळवाणे वाटते म्हणून ते टाळू नका. योगावर प्रेम असलेल्यांनीच ही तपासणी सर्वांत कठोरपणे करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठांचा कल सारखा नसतो. बेंगळुरूच्या एस-व्यास या अभिमत विद्यापीठात वैद्यकीय संशोधन व योगचिकित्सेवर भर आहे, तर लंडनच्या सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) या संस्थेत योगाचा अभ्यास मुख्यतः इतिहास व ग्रंथांच्या अंगाने झाला आहे. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरिमाउंट विद्यापीठाने 2013 मध्ये योगाभ्यासाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. तुम्हाला कोणत्या प्रश्नांत रस आहे, ते आधी ठरवा आणि मग विभाग निवडा.

प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची प्रत मागवा आणि मूळ संस्कृत वाचन, शरीररचना, संशोधनपद्धती व देखरेखीखालील अध्यापन यांना किती श्रेयांक आहेत ते पाहा. बहुतेक श्रेयांक आसनांच्या तासिकांनाच असतील, तर ते लांबवलेले प्रमाणपत्र आहे असे समजावे. शक्य असल्यास त्या विभागातील पूर्ण झालेले दोन-तीन प्रबंध ग्रंथालयात बसून चाळा. निष्कर्ष बाजूला ठेवून फक्त पद्धतीचे प्रकरण वाचा आणि तुलनेचा गट कसा निवडला, मध्येच सोडून गेलेल्यांची नोंद ठेवली का, एवढे तपासा. त्यावरून तिथे काय शिकवले जाते, याचा अंदाज माहितीपत्रकापेक्षा अधिक चांगला येईल.