आयफोनची बॅटरी ३,२०० एमएएचची आणि माझ्या ॲंड्रॉइडची ५,०००ची, तरी दोन्ही रात्रीपर्यंतच टिकतात. ॲंड्रॉइड जास्त बॅटरी खातं का? रीसेंट्समधली, म्हणजे नुकत्याच उघडलेल्यांच्या यादीतली ॲप्स उडवली तर फायदा होतो का?

पूर्वी खायचं, आता तेवढं नाही. मी काही वर्षं ॲंड्रॉइड ॲप्स लिहिली आहेत, म्हणजे बॅटरी खाणाऱ्या टोळीतलाच म्हणा.

फोन दिवसातला बराच वेळ नुसता खिशात असतो. स्क्रीन बंद झाली की प्रोसेसर झोपायला बघतो. त्याला कोण झोपू देत नाही, यावर सगळं अवलंबून. ॲंड्रॉइडमध्ये 'वेकलॉक' आहे. ॲपनं तो घेतला की सोडेपर्यंत प्रोसेसर जागा राहतो. एकदा लोकेशन पाठवायला मी तो घेतला, पण मध्येच एरर आली तर सोडायचा, हे लिहायलाच विसरलो. टेस्टिंगचा फोन टेबलावर पडल्या पडल्या दुपारपर्यंत गरम आणि रिकामा! दोन दिवस मी बॅटरीलाच शिव्या घालत होतो.

आयफोननं ही मुभा कधी दिलीच नाही. २०१०च्या आयओएस ४ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) बाहेरच्या ॲप्सना मल्टिटास्किंग मिळालं, तेही हात राखून: गाणी, इंटरनेट कॉल, लोकेशन अशा ठरावीक कामांपुरतं. बाकीची ॲप्स मागे गेली की गोठतात. ॲंड्रॉइडनं आधी दार सताड उघडं ठेवलं आणि मग एकेक कडी घातली. २०१५च्या 'मार्शमेलो' या ॲंड्रॉइड आवृत्तीत 'डोझ' आलं. फोन न हलता पडून असला की ॲप्सचं नेटवर्क बंद, सगळ्यांची कामं साठवायची आणि मधूनमधून एकदम उरकायची. २०१७च्या 'ओरिओ' आवृत्तीनं बॅकग्राउंड सर्व्हिसेसना, म्हणजे ॲप्सच्या मागे चालणाऱ्या कामांना लगाम घातला. २०१८च्या 'पाय' (Pie) आवृत्तीपासून तर तुम्ही ॲप किती वापरता, त्यावरून त्याला किती मोकळीक द्यायची ते ठरतं. उरलेला फरक बराचसा चिप, स्क्रीन आणि मोडेमचा (टॉवरशी बोलणारा भाग), त्यामुळे नुसते एमएएच शेजारी ठेवून काही कळत नाही.

ॲप्स उडवण्याचं म्हणाल तर नको. आमचे बाबा दर अर्ध्या तासानं निष्ठेनं करतात. रॅम, म्हणजे उघडी ॲप्स जिथे राहतात ती मेमरी, भरलेली असो वा रिकामी, तिला वीज जवळपास सारखीच लागते. उलट उडवलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला प्रोसेसर राबतो. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा, न वापरता वर दिसणारं ॲप शोधा आणि त्याचा बॅकग्राउंड वापर बंद करा. फक्त व्हॉट्सॲपला हात लावू नका, मेसेज उशिरा येतील.

आणि रेंज नसेल तर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम फारसं काही करू शकत नाही. मोडेम टॉवर शोधत बसतो, सापडला तरी लांबच्या टॉवरसाठी जोर लावून बोलतो. कोकण रेल्वेनं गावी जाताना चिपळूण सुटलं की मी सरळ एअरप्लेन मोड लावतो. रत्नागिरीआधीचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कोणाचा फोन येणार आहे?