हायब्रीड गाडी खरोखर किती ॲव्हरेज देते? महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याने घ्यावी का?

कंपनीचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा विसरा. तो प्रयोगशाळेतला आहे. माझी टोयोटाची हायरायडर हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, जानेवारी २०२३ ची, आजवर ३४,६०० किलोमीटर झालेली. पुण्यात रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब वहीत लिहून ठेवलाय, त्यावरून सरासरी २३.४ पडते. डॅशबोर्डवर नेहमी एक-दीड जास्तच दिसतं, त्याच्यावर जाऊ नका.

वही का ठेवली ते सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच पहिलं डोळ्यांसमोर आलं. आमचे थोरले साडू कोल्हापूरचे, आयुष्यभर डिझेल चालवलेले. मी गाडी बुक केली तेव्हाच ते म्हणाले होते, "त्या बॅटरीच्या नादाला लागू नका." पहिल्या दिवाळीत आम्ही पाच जण, डिकी फराळाच्या डब्यांनी आणि बॅगांनी गच्च, असे कोल्हापूरला गेलो. निघताना टाकी फुल केली आणि पोचल्यावर त्यांनीच मला पंपावर नेलं. नोझल कट होईपर्यंत भरलं. २३६ किलोमीटर, १२.४ लिटर. म्हणजे १९. त्यांची डिझेल त्याच रस्त्यावर साडेएकोणीस देते. "अडीच लाख पाण्यात घातलासा की पाव्हणं!" साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त मोजलेल्या पैशांवरून सगळ्या घरासमोर बोलले, आणि माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

उत्तर आता आहे. हायवेला ब्रेक लागतच नाही, मग बॅटरीत परत येणार काय? काटा सतत नव्वद-शंभरवर, वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, आणि खंबाटकीच्या चढाला सगळा भार दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिनच ओढतं. बॅटरी आहे केवढी? लाइटबिलाच्या भाषेत सांगायचं तर पाऊण युनिटची. ती कोल्हापूरपर्यंत गाडी ओढायला दिलेलीच नाही. तिचं काम चांदणी चौकातलं. पुढची गाडी चार फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. तिथे माझं इंजिन बराच वेळ बंद असतं, एसी चालू असतो, आणि दर वेळी ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद मोटर परत बॅटरीत घालते. साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज जिथे बसतं, नेमकं तिथेच हिचं वर जातं.

पुढच्या जूनमध्ये साडू मुलीच्या ॲडमिशनसाठी आठवडाभर आमच्याकडे होते. किल्ली त्यांच्याच हातात दिली. सात दिवस शहरात तेच फिरले, पेट्रोलही त्यांनीच भरलं. २१२ किलोमीटर, ८.६ लिटर, म्हणजे साडेचोवीसच्या वर. त्यावर म्हणाले, पंपावरच्या पोराने कमी भरलं असेल. कोल्हापूरच्या पंपावर मी तसं म्हटलं नव्हतं.

आता तुमचं. माझ्या वेळी त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा ऑन रोड अडीच लाख जास्त गेले. शहरात पेट्रोलवाली १४ देते असं धरा, हायब्रीड २३, पेट्रोल १०४ रुपये. हजार किलोमीटरला महिन्याला २८ लिटर वाचतात, म्हणजे वर्षाला सुमारे पस्तीस हजार. अडीच लाख वसूल व्हायला सात वर्षं. नुसता पैशाचाच हिशेब असेल तर घेऊ नका. महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असतील आणि तेही ट्रॅफिकमध्ये, तर डोळे मिटून घ्या. मी पैशासाठी घेतली नाही. क्लच नाही, गिअर नाही, संध्याकाळी हिंजवडीतून दीड तासाने घरी आलो तरी पाय दुखत नाहीत. हे साडूंच्या हिशेबात कधीच येत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. शाळा, भाजी, देऊळ अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ॲव्हरेज १६-१७ वर येतं, कारण इंजिन गरम होईपर्यंत चालूच राहतं. बॅटरीमुळे डिकी लहान होते, बघून घ्या. मागच्या सीटजवळ बॅटरीला थंड हवा ओढणारी जाळी असते, तिच्यासमोर पिशव्या रचू नका आणि सर्व्हिसिंगला ती साफ करायला सांगा. मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे, तिची भीती नको. दगा देते ती साधी बारा व्होल्टची. आम्ही तीन आठवडे गावाला होतो, परत आलो तर गाडी 'रेडी'च होईना. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला तेव्हा सुरू झाली.

आणि शोरूममध्ये 'माइल्ड हायब्रीड' दाखवून हायब्रीड म्हणतात, तिकडे लक्ष ठेवा. तिची मोटर एकटी गाडी हलवू शकत नाही. वरचे आकडे तिला लागू नाहीत.

वही साडूंना दोनदा दाखवायला नेली, त्यांनी उघडली नाही. तुम्हाला पाहिजे असेल तर पानांचे फोटो टाकतो.