इसापाच्या गोष्टींवरच्या वस्तू जमवायला लागताना

सुरुवात स्वस्तातल्या वस्तूंनी करा. ग्रीसने १९८७ साली इसापाच्या गोष्टींवर टपाल तिकिटं काढली होती. तिकिटं चिमट्यानेच उचला आणि अल्बममध्ये गोंदाने कधीही चिकटवू नका.

नुसता कोल्हा दिसला म्हणून वस्तू घेऊ नका. कोल्ह्यासोबत द्राक्षं हवीत, किंवा करकोचा आणि सुरई. आपल्याकडे तर पंचतंत्राशी गल्लत हमखास होते. गाढवाने वाघाचं कातडं पांघरलं असेल तर ते पंचतंत्र, सिंहाचं असेल तर इसाप. फ्रेंच बशांवर बहुतेकदा फ्रेंच कवी ला फोंतेनच्या गोष्टी असतात. त्याचा पहिला संग्रह १६६८चा. कथा मूळची इसापाचीच असली, तरी नोंदवहीत दोन्ही नावं लिहा.

माझा जीव खरा अडकलाय तो चित्रांच्या चिनीमातीच्या फरश्यांमध्ये. इंग्लंडच्या मिंटन कारखान्यासाठी जॉन मॉयर स्मिथने एकोणिसाव्या शतकात इसापाची मालिका काढली. सहा इंचांच्या त्या चौकोनात अख्खी गोष्ट मावते! फरशी आधी उलटी करा आणि मागे कारखान्याचा ठसा शोधा. चकाकीवरच्या केसासारख्या बारीक रेषा वयामुळे येतात, त्यांना घाबरू नका. कडेचा टवका भरून रंगवलेला असेल तर मात्र भाव पाडून मागा. मी घाईत अशी एक घेतली होती, धुताना कोपऱ्याचा रंग हातावर आला. तेव्हापासून अतिनील दिवा जवळ ठेवतो. त्याच्या उजेडात नवा रंग बहुतेकदा वेगळा चमकतो.

आणि वस्तू कुठून, कधी, कितीला घेतली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.