पडदे शिवणाऱ्यांनी प्रत्यक्ष वर्कशॉप करावं का, आणि ओळखी कशा होतात

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दोन वर्षं घरून पडदे-कुशन शिवताय, सगळं व्हिडिओ बघून शिकलात, आता तीन दिवसांचं प्रत्यक्ष वर्कशॉप करावं की तेच पैसे नवीन मशीनमध्ये घालावेत. आणि दुसरं, या धंद्यातली माणसं कुणाला काही सांगत नाहीत तर ओळखी होणार कशा. मी सोळा वर्षं हेच काम करतेय, स्वतः चार वर्कशॉप केली, दोनदा शिकवलं पण, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वर्कशॉप करा, मशीन नंतर घ्या.

व्हिडिओत हात दिसतो, हाताचा दाब दिसत नाही हो. मी चार वर्षं इंटरलायनिंगचे पडदे शिवत होते. मुख्य कापडाला आतून लांब लांब टाक्यांनी जाड थर धरायचा, सुईने मुख्य कापडाचे एक-दोन धागेच उचलायचे आणि दोरा सैल सोडायचा, हे सगळं मला पाठ होतं. पण सैल म्हणजे किती? शिकवणाऱ्या बाईंनी माझा पडदा खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि टाक्याटाक्याला पडलेले बारीक खळगे दाखवले. मी इतकी वर्षं कापडाला दोष देत होते! मग माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी पाच-सहा टाके घातले आणि तेवढ्यात काम झालं.

पैसे भरायच्या आधी मात्र विचारून घ्या की एका टेबलाला किती जणी, आणि शिवायचं काय. वीतभर नमुन्यावर पिंच प्लीट (पडद्याच्या वरच्या पट्टीला चिमटीत धरून घातलेल्या चुण्या) कुणालाही जमते, खरी गंमत तीन पन्हे (कापडाच्या पूर्ण रुंदीचे तुकडे) जोडलेला, जमिनीपर्यंतचा अख्खा पडदा टेबलावर ओढताना कळते, पहिल्या पन्ह्याला जुळलेलं डिझाइन तिसऱ्याला पाव इंच सरकलेलं असतं. नुसते नमुने करून घेणार असतील तर मी तरी जाणार नाही. आणि जाताना स्वतःचं बिघडलेलं काम घेऊन जा. चांगलं दाखवून काय मिळणार, शाबासकी?

हिशोब हातानं मांडायला लावतात का तेही बघा, कारण ॲपवर सोडलं की चूक कुठे झाली ते कळतच नाही. समजा ट्रॅक १०० इंच, दोन्ही टोकांना भिंतीकडे वळणारा भाग मिळून ७, मधे एकावर एक येणारा ७, झाले ११४. अडीच पट चुण्या धरल्या तर २८५. पन्हा ५४ इंची, म्हणजे भागिले ५४, सव्वापाचच्या वर, सहा पन्हे. पाचात बसवलं तरी चुण्या साधारण २.३७ पट राहतात, साध्या कापडाला चालून जातं, फक्त प्रत्येक बाजूला अडीच पन्हे येतात आणि तो अर्धा पन्हा भिंतीकडे लावायचा, मधे नाही (हे मी एकदा उलट केलंय). आता उंची. तयार ९६, खाली ४ इंची दुहेरी दुमड म्हणजे ८, वर तेवढंच ८, एकूण ११२. पण डिझाइन २७ इंचांनी परत येत असेल तर ११२ ला कापून भागत नाही, पाच रिपीट लागतात, १३५. सहा पन्ह्यांचे ८१० इंच, म्हणजे साडेबावीस यार्ड. साध्या कापडाला ६७२ इंचात झालं असतं. हा फरक गिऱ्हाइकाला आधी सांगितला नाही की तो आपल्या खिशातून जातो.

मखमलीची लव सगळ्या पन्ह्यांना एकाच दिशेला हवी, लिनन खालची दुमड घालण्याआधी थोडे दिवस टांगून ठेवावं कारण ते लोंबतं, अशा गोष्टी व्हिडिओत पण मिळतात, त्यासाठी नका जाऊ. रोमन ब्लाइंड (दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा पडदा) शिकवत असतील तर दोऱ्यांच्या सुरक्षेबद्दल नक्की विचारा. मोकळा फास राहिला तर लहान मुलांच्या गळ्याला अडकू शकतो, जीव गेलेत त्यात. युरोपात यासाठी ईएन १३१२० हे मानक आहे, अमेरिकेतलं मानक १ जून २०२४ पासून अजून कडक झालं आणि ऑर्डरप्रमाणे शिवलेल्या मालालाही लागू आहे. शिकवणारा हा विषय टाळत असेल तर मला तो माणूस धंद्यात मुरलेला वाटत नाही.

आता ओळखी. गेल्या गेल्या दर किंवा गिऱ्हाइकं विचारली तर कुणीही तोंड मिटून बसेल, मी पण बसते. अडचण विचारा, उदाहरणार्थ कमानीच्या खिडकीचा कागदी साचा कसा घेता, मग बघा कसे बोलतात सगळे. माझ्या दुसऱ्या वर्कशॉपात शेजारच्या टेबलावर एक बाई होती, तिला ब्लाइंड आवडायचे आणि जड पडद्यांचा कंटाळा, माझं बरोबर उलटं. तेव्हापासून माझे ब्लाइंड तिच्याकडे जातात, तिचे अस्तर-इंटरलायनिंगवाले माझ्याकडे येतात, सणासुदीला दोघींचा जीव वाचतो. फक्त एकमेकींच्या गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही आणि कापड चुकीचं कापलं गेलं तर भरपाई कुणी करायची हे लिहून ठेवायचं. हे आम्ही लिहिलं ते एक भांडण झाल्यावरच, रिपीट न जुळवता कापलेलं अख्खं कापड मधे पडलं होतं आणि दोघी एकमेकींकडे बघत होतो.

आणि खिडकीला पडदे बसवणाऱ्या फिटरला विसरू नका. उंची अर्धा इंच चुकली की शिव्या तो खातो, त्यामुळे कुणाचं काम कसं लटकतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दोन-चार फिटिंगला सोबत जा, शिडी धरा, मला निम्मी कामं त्याच ओळखीतून आलीत.

वर्कशॉपहून आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतःच्या खिडकीला एक पूर्ण पडदा शिवा, नाहीतर हात विसरतो.

तुम्ही विचारलंय की जोडाच्या जागी पडदा उभा आखडतो, तर जोडताना दोन्ही कापडांची किनार कापून टाकली होती का? किनारीची वीण घट्ट असते, आत तशीच राहिली की शिवण ओढून धरते. उलट्या बाजूचा फोटो टाका, अस्तर उचलून.