नवरा अमेरिकन नागरिक आहे, त्याने माझ्यासाठी भरलेला आय-१३० (बायकोला ग्रीन कार्डवर तिकडे नेण्यासाठीचा पहिला अर्ज) अजून मंजूर व्हायचा आहे. तोवर मी पुण्यात काय तयारी करून ठेवू?

आधी जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला काढून पासपोर्टशी ताडून बघा. आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागदपत्रं तपासणारं अमेरिकी सरकारचं केंद्र) जाते आणि तिथे हीच कागदपत्रं अपलोड करावी लागतात. जुन्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना बऱ्याचदा कोराच असतो. महापालिकेतून तो भरून घ्यायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच लागा. मराठी दाखल्यांना भाषांतरकाराच्या सहीचं इंग्रजी भाषांतर जोडा. नवऱ्याने आय-८६४ साठी (तुमचा खर्च उचलण्याचं त्याचं हमीपत्र) टॅक्स रिटर्न काढून ठेवावेत. पोलीस क्लिअरन्सची मात्र घाई नको, त्याला मुदत असते. मेडिकल तपासणीही व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आल्यावरच. आणि हातात व्हिसा पडेपर्यंत राजीनामा नको, तिकीटही नको, सासरचे कितीही मागे लागले तरी.