उत्तर: बाबांची जळजळ थांबत नाहीये – आधी स्टेंट काढलाय का ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचं मुतखड्याचं ऑपरेशन गणपतीच्या आधी झालं, आता दिवाळी उलटली तरी लघवीला जळजळ, शेवटी शेवटी लालसर होते, एका बाजूला कंबरेत कळ येते आणि फॅमिली डॉक्टरांनी तिसरा अँटिबायोटिकचा कोर्स चालू केलाय. वाचून काटाच आला अंगावर, हे सगळं माझंच झालंय, फक्त महिने वेगळे. एकच विचारतो, डीजे स्टेंट काढलाय का?

दुर्बिणीतून खडा फोडला की बऱ्याचदा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी आत ठेवतात, तोच डीजे स्टेंट, सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी म्हणून. बाहेरून काही दिसत नाही आणि ती आपोआप पडतही नाही, काढावीच लागते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत काढतात, नेहमीची असेल तर तीन महिन्यांच्या पुढे ठेवायची नसते. मी डॉक्टर नाही, पण हे चांगलंच महागात पडून शिकलोय.

माझं असं झालं. मी बरीच वर्षं नाशिकरोडवरून पंचवटीने मुंबईला अपडाऊन केलं, गाडीतल्या संडासात जायला नको म्हणून सकाळी पाणीच प्यायचो नाही, त्यामुळे खडा झाला त्याचं नवल नाही. ऑपरेशन झालं, तीन दिवसांत घरी. डिस्चार्ज कार्डावर खाली एका ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की तीन आठवड्यांनी स्टेंट काढायला या. आम्ही ते वाचलं नाही, आणि मेडिक्लेमला ओरिजिनल कागद लागतात म्हणून अख्खी फाईल तशीच पाठवून दिली. झेरॉक्स नाही काढली! दहा-वीस रुपयांची झेरॉक्स. ही माझी चूक, मान्य आहे. पण हॉस्पिटलमधून एक फोन नाही, मेसेज नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र न चुकता आल्या.

मग पाच महिने तेच, जळजळ, दर अर्ध्या तासाला लघवी. युरिन रिपोर्टमध्ये पस सेल (पूच्या पेशी) आले की अँटिबायोटिक, ते संपलं की परत पस सेल. नळी आत असली की पस सेल आणि रक्त तसंही दिसू शकतं, दरवेळी ते इन्फेक्शनच असतं असं नाही, हे मला कोण सांगणार? शेवटी पाठदुखीसाठी दुसरीकडे एक्स-रे काढला तर तिथला टेक्निशियन म्हणतो, काका, स्टेंट कधी टाकलाय?

तोवर नळीच्या दोन्ही टोकांवर खड्याचा थर चढलेला. वेळेत गेलो असतो तर जेली लावून पाच-दहा मिनिटांचं काम होतं, त्याऐवजी परत भूल, परत लेझर. आणि नव्या डॉक्टरांना जुने ऑपरेशन नोट्स हवे होते म्हणून मी त्या रेकॉर्ड खिडकीवर चार चकरा मारल्या. फाईल गोडाऊनला आहे, सोमवारी या, साहेब सुट्टीवर आहेत, अर्ज इंग्रजीत द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं लिहिलंय, हे मला नंतर कळलं. कळल्यावर तसं लेखी लिहून दिलं तर दुसऱ्या दिवशी कागद हातात. तुम्ही पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्याला तिथे कोणी विचारत नाही.

तुमच्या बाबांना स्टेंट असेलच असं मी म्हणत नाही, कदाचित टाकलाच नसेल किंवा कधीच काढला असेल. पण पोटाचा साधा एक्स-रे काढला तरी कळतं, पांढऱ्या दोरीसारखा दिसतो, वर किडनीत आणि खाली मूत्राशयात वळलेला. आणि युरिन कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी, केलीय का? ते अँटिबायोटिक चालू करायच्या आधी द्यायचं असतं, पहिली धार सोडून मधली, आणि नमुना लगेच लॅबमध्ये पोचवायचा. आता औषध चालूच आहे तर मनाने बंद करू नका, युरॉलॉजिस्टला विचारून ठरवा. फॅमिली डॉक्टर वाईट असं नाही, पण तिसऱ्या कोर्सला तरी कारण शोधायला पाहिजे की नको?

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. आणि दुखतंय म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणून देऊ नका, किडनीला त्रास होऊ शकतो, बाबांना शुगर-बीपी असेल तर जास्तच.

कुळथाचं कढण विचारलंय तुम्ही. प्यायला हरकत नसावी, आमच्याकडेही होतं, पण कढणाने नळी निघत नाही. दूध बंद करा म्हणणारेही भेटतील, ऐकू नका, कमी करायचं ते मीठ, पापड, लोणचं. पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी, हार्टचा किंवा किडनी फेल्युअरचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

आज घरी गेलात की फाईल काढा आणि डिस्चार्ज कार्डाच्या अगदी शेवटच्या ओळी वाचा, डीजे किंवा स्टेंट शब्द दिसतो का बघा. क्लेमला पाठवायची बाकी असेल तर आधी मोबाईलमध्ये फोटो काढा, सगळ्या पानांचे, मागच्या बाजूचेसुद्धा.